सीडी ऐकायला डीव्हीडी प्लेअर पुरतो का?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

सगळे म्हणतात डीव्हीडी प्लेअरवर सीडी वाजतेच मग वेगळा सीडी प्लेअर हवाच कशाला, पण आमच्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा संथ लयीत गायलेला विलंबित ख्याल दोन्हीवर लावून बघा ना. सीडीवर आवाजाचे नमुने ४४.१ किलोहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले, १६ बिटचे, डीव्हीडीवर बहुतेक ४८ किलोहर्ट्झने, आणि काही स्वस्त प्लेअर सीडीचंही ४८ करून टाकतात. माझ्या घरी तर डीव्हीडी प्लेअरवर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झंकारती गुंज, पार दबली, वर शांत आलापात डिस्क फिरल्याची घरघर, फार जीवाला लागलं. मात्र तोच प्लेअर डिजिटल आउटपुटमधून चांगल्या डॅकला (डिजिटल सिग्नलचं ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या वेगळ्या उपकरणाला) जोडला तर फरक खूपच कमी झाला, हेही खरं. तेव्हा जुना प्लेअर भंगारात द्यायच्या आधी ती केबल लावून एकदा ऐका.

– एक वाचक, इंदूर