वागळे इस्टेटमधल्या काकांना, त्या खाचेबद्दल

तीर्थस्वरूप काकांना,
सा. न. वि. वि.

आभार मानायला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "बोर्ड चालतोय ना? मग झालं," म्हणून तुम्ही ठेवून दिलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. इथे तरी तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. महापे एमआयडीसीत आमची चार जणांची कंपनी आहे. सोसायट्यांच्या पाण्याच्या मीटरचे आकडे गोळा करणारा डबा आम्ही बनवतो. मीटरकडून झिग्बीने (छोट्या उपकरणांसाठीचा, कमी विजेवर चालणारा रेडिओ) आकडे घ्यायचे, वायफायने पुढे पाठवायचे. दोन्ही रेडिओ 2.4 गिगाहर्ट्झचे, दोन्ही अँटेना सर्किट बोर्डाच्या एकाच कडेला, 28 मिलिमीटर अंतरावर. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे पाव लहरीएवढीही फारकत नाही. डबा छोटा दिसायला हवा हा हट्ट माझाच होता. वायफाय बोलायला लागलं की मीटरचे आकडे गळायचे. झिग्बी वायफायपासून लांब, थेट 26 नंबरच्या चॅनलवर नेऊन पाहिलं, तरी गळती थांबेना. दोन महिने मी सॉफ्टवेअरमध्येच डोकं खुपसून बसले होते.

घणसोलीहून लोकल पकडून, लॅपटॉप सांभाळत ठाण्याला तुमच्या गाळ्यात आले तेव्हा तुम्ही कोड बघायलाच तयार नव्हता. जुन्या नेटवर्क अ‍ॅनालायझरला दोन्ही अँटेना जोडलेत, केबलवर फेराइटचे मणी ओवलेत ("नाहीतर ही केबलच तिसरा अँटेना होऊन बसेल"), आणि एका अँटेनातलं दुसऱ्यात किती शिरतं त्याचा आकडा पडद्यावर आला, उणे 9 डीबी. मग चहाच्या पावतीमागे हिशेब मांडलात. वायफाय 100 मिलिवॅट सोडतं. उणे 9 डीबी म्हणजे त्यातला आठवा हिस्सा, सुमारे 12 मिलिवॅट, सरळ शेजारच्या अँटेनात. आणि त्याच अँटेनाने ऐकायचा असतो मीटरचा आवाज, लांबच्या मीटरचा तर एका मिलिवॅटच्या तीन अब्जांश. "दारात लग्नाचा बँड वाजतोय आणि तू आतल्या खोलीतल्या माणसाला चॅनल बदलायला सांगतेस!"

पण खरी शिकवणी पुढे झाली. दोन अँटेनांच्या मधोमध, बोर्डाच्या कडेवर तुम्ही नुसतं बोट टेकवलंत आणि पडद्यावरची रेघ हलली. मला वाटत होतं की भांडण हवेतून चाललंय, मध्ये पत्र्याचा आडोसा उभा केला की मिटेल. तुम्ही म्हणालात, हवेतूनही चाललंय, पण जास्त भांडण तांब्यातून आहे. एवढ्याशा बोर्डावर अँटेना एकटा काम करतच नाही, त्याचा अर्धा भाग म्हणजे खालचं ग्राउंड, बोर्डातला तांब्याचा थर. ते दोघांचं सामाईक. एकाचा प्रवाह त्या तांब्यावरून वाहत दुसऱ्याच्या पायाशी जातो. घर एकच, चुली दोन.

मग तुम्ही हॅकसॉचं पातं काढलंत. माझ्या चार थरांच्या, महागड्या बोर्डावर! कडेपासून आत 20 मिलिमीटरची खाच, बरोबर दोघांच्या मधून. वाटेत दर्शक एलईडीची रेघ तुटली. "दिवा गेला तर जाऊ दे." पडद्यावरच्या रेघेत खड्डा, म्हणजे सगळ्यात कमी गळतीची जागा, 3 गिगाहर्ट्झपाशी दिसला, म्हणजे खाच अजून तोकडी होती. अर्धा अर्धा मिलिमीटर वाढवत गेलात तसा खड्डा खाली सरकत आला आणि 25 मिलिमीटरला नेमका आमच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येऊन बसला. एका टोकाला उघडी, साधारण पाव लहरीची खाच त्या प्रवाहाची वाट अडवते, हे पुस्तकात वाचलं होतं. समोर, भुशासकट, पहिल्यांदाच पाहिलं.

आकडा उणे 21 वर आला. शेजारी पोचणारी ताकद मिलिवॅटच्याही खाली. मी उड्या मारणार, तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "आयसोलेशन, दोघांतली फारकत, सुधारलंय, की अँटेनाच आजारी पडलाय?" जो अँटेना नीट फेकतच नाही त्याचा शेजाऱ्याला त्रास कमीच होणार, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. गच्चीवर खाच मारलेला आणि न कापलेला असे दोन्ही बोर्ड सारख्याच अंतरावर ठेवून तपासलं तर खाच मारलेला खरंच 4 डीबीने मागे होता. खाचेमुळे मॅचिंग, म्हणजे चिप आणि अँटेनाचा मेळ, सरकलं होतं. एक कपॅसिटर बदलल्यावर तो न कापलेल्याच्याही किंचित पुढे गेला, कारण आधी शेजारच्या सर्किटमध्ये जाऊन उष्णता होणारी ताकद आता बाहेर पडत होती. तो "आजारी पडलाय का?" हा प्रश्न मी आता दर चांगल्या आकड्याला विचारते. ऑफिसात त्यामुळे माझी फारशी लोकप्रियता नाही.

उरलेली गळती दोन चिपच्या मध्ये एक तार टाकून, पाळीपाळीने बोलायला लावून मिटवली. म्हणजे सॉफ्टवेअर अगदीच निर्दोष नव्हतं, तेवढं माझं राहू द्या.

पैशांचं विचारलं तर तुम्ही फक्त मामलेदारची मिसळ घेतलीत, आणि तीही माझ्यापेक्षा तिखट.

नवीन बोर्ड परवा आले. त्याआधी बोर्ड बनवणाऱ्याचा फोन आला होता, "मॅडम, मध्येच एक मोठी खाच दिसतेय, चुकून राहिलीय का? बुजवून देऊ?" मी इतक्या जोरात नाही म्हणाले की तो घाबरला. एक बोर्ड तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय. शनिवारी घेऊन येते. एलईडी यावेळी खाचेला वळसा घालून लावलाय, पेटतो.

तुमची,
महाप्याची मुलगी