पाचव्या पुल-अपसाठी

प्रिय मनू,

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, दीड महिना झाला, चार निघतात, पाचवा काही केल्या निघत नाही." बोलता बोलता तुझा आवाज बसला. मला नीट उत्तर सुचलं नाही, म्हणून आज लिहितोय.

तू पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. पहिले दोन सुरेख आहेत. तिसऱ्यापासून पाय झाडायला लागतेस, चौथ्याला मान ताणून हनुवटी कशीबशी बारवर नेतेस आणि मग धपकन खाली सुटतेस. असं रोज, हात सुटेपर्यंत. मनू, किती निघतात हे रोज तपासत बसलीस तर ताकद वाढायची कधी? पहिला सेट चारचा, दमल्यावर दुसरा दोनचा, तिसरा जेमतेम एकाचा. झाले सात, त्यातले निम्मे ओढूनताणून. त्यापेक्षा दोन-दोनचे सहा सेट कर, मध्ये घड्याळ लावून दोन-तीन मिनिटं थांब. बारा होतील आणि बाराही स्वच्छ. आठवड्यातून तीनच दिवस, मधला दिवस हातांना सुट्टी. सेट संपवताना अजून एक-दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. तुला ते आळशीपणाचं वाटेल, माहीत आहे. तरी कर.

बारला अडकवून पायाखाली घ्यायचा, वर जायला मदत करणारा रबर बँड घेऊ का, असं विचारलंस. बँड सगळ्यात जास्त ताणलेला असतो तो तळाशी, म्हणून त्याची मदतही तिथेच जास्त. वर जाऊ तशी ती कमी होते. तू अडकतेस वरच्या शेवटच्या वितीत. तेव्हा तुला बँडपेक्षा उतरण्याचा सराव उपयोगी. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर घे, दोन सेकंद तिथेच थांब, मग पाय सोडून पाच सेकंद मोजत हात सरळ होईपर्यंत खाली ये. जे वजन वर ओढवत नाही, तेच सावकाश खाली आणायला स्नायू पुरे पडतात, म्हणूनच हा सराव लागू पडतो. पण अंगही चांगलंच दुखतं. दिवसाला तीन-चार पुरेत, तेही सगळं झाल्यावर.

आणि सुरुवात खांद्यांपासून कर. तू लटकतेस तेव्हा खांदे कानांना भिडलेले असतात आणि तसेच दंडांनी ओढतेस. आधी कोपर न वाकवता खांद्यांची पाती खाली खेच, अंग दोन-तीन इंच वर येईल. मग कोपर बरगड्यांकडे आण. पाठीचे मोठे स्नायू कामाला लागले की दंडांवरचा भार हलका होतो. वॉर्म-अपला हे नुसतं पाती खेचणंच आठ-दहा वेळा कर.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर त्याच दिवशी थांब. स्नायू लवकर बळकट होतात, त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मागे राहतात. मी तुझ्या वयाचा असताना ते दुखणं दाबून रोज बारला लटकलो. पुढे चार महिने पाण्याची बादलीसुद्धा त्या हाताने उचलवली नाही. तुझ्या बाबतीत मला ते नकोच आहे.

वजन उतरलं तर सोपं जाईल, असंही तू मध्येच बोलून गेलीस. शरीर हलकं असेल तर ओढायला कमी लागतं हे खरं, पण उपाशी पोटी ताकद येत नाही. पोटभर जेव आणि नीट झोप. जिममधल्या मुलांचे आकडे मोजू नकोस. मुलींच्या खांद्या-दंडांत सरासरीने स्नायू कमी असतात, तेव्हा तुझे चार माझ्या लेखी फार मोठे आहेत.

पाच आठवडे आकडा तपासायचा नाही. मधल्या काळात एकदा व्हिडिओ पाठव, पण मागून काढलेला. मला तुझी पाती हलताना बघायची आहेत.

तुझा,
बाबा