आकडा जुना, दुरुस्ती ताजी

संपादक महोदय,

मंगळवार पेठेतल्या एका लहान पतसंस्थेचे ९ संगणक आणि एक सर्व्हर मी १२ वर्षे सांभाळतो. सगळ्यांवर डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मोफत कार्यप्रणाली आहे. गेल्या वर्षी एका खासगी कंपनीने सुरक्षा तपासणी केली आणि अहवालात ११ ठिकाणी ‘कालबाह्य आवृत्ती’ असा लाल शेरा मारला. चेअरमनसाहेब घाबरले. ठेवीदारांचा पैसा आहे, घाबरणारच. मी समजावून सांगेपर्यंत कंपनीच्या माणसाने वेब सर्व्हरची नवी कोरी आवृत्ती मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून उतरवून हाताने बसवलीसुद्धा. शेरा पुसला गेला.

पुढचे सात महिने त्या वेब सर्व्हरला एकही सुरक्षा दुरुस्ती मिळाली नाही. रोज रात्री अपडेट होत होते, पण ते डेबियनच्या पॅकेजांचे, म्हणजे डेबियनने स्वतः बांधून दिलेल्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांचे. हाताने बसवलेली प्रत त्या व्यवस्थेला माहीतच नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत मी ती काढली आणि पॅकेज परत बसवले.

मूळ सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे आणि डिस्ट्रो, म्हणजे डेबियनसारखा तयार संच, बांधणारे वेगळे, हे तपासणाऱ्याने आधी समजून घ्यायला हवे. प्रकल्प आपला कोड प्रसिद्ध करतो. डेबियनचे मेंटेनर, बहुतेक स्वयंसेवक, तो घेऊन बाकीच्या हजारो पॅकेजांशी जुळवतात. डेबियनची स्थिर आवृत्ती निघाली की त्यातल्या पॅकेजांच्या आवृत्तीचा आकडा शक्यतो हलवत नाहीत, कारण नव्या आवृत्तीबरोबर नवे बदलही येतात, आणि सोमवारी सकाळी काउंटरवर रांग असताना पासबुकचा प्रिंटर अडून चालत नाही. सुरक्षेत फट सापडली तर नेमकी तेवढी दुरुस्ती जुन्या कोडमध्ये आणून बसवतात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ ही फट उघड झाली. मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही आवृत्ती काढली. डेबियन ७ मध्ये आकडा १.०.१ई हाच राहिला, फक्त त्याच्यामागचे, डेबियनने स्वतः जोडलेले दुरुस्ती-क्रमांकाचे शेपूट बदलले. फट मात्र बुजली होती. नुसता पुढचा आकडा वाचणाऱ्याने तो सर्व्हर नापास केला असता.

पॅकेज बांधणाऱ्यांचे हातही चुकतात. डेबियनने २००६ मध्ये याच ओपनएसएसएलमध्ये केलेल्या एका बदलामुळे तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या (माहिती कुलूपबंद करणारे लांब आकडे) अंदाजाने ओळखता येऊ लागल्या, आणि ते मे २००८ मध्ये लक्षात आले. मी तेव्हा उद्यमनगरात नोकरीला होतो. सगळ्या किल्ल्या नव्याने कराव्या लागल्या होत्या. पण तो बदल कधी आणि कशासाठी झाला, हे कुणालाही वाचता येत होते. आजही प्रत्येक पॅकेजबरोबर बदलांची नोंद येते, त्यात दुरुस्त झालेल्या फटींचे क्रमांक असतात. आमचे ११ शेरे मी त्या नोंदींशी एकेक करून ताडून पाहिले. १० दुरुस्त्या आधीच झालेल्या होत्या. एक खरोखर राहिली होती, ती त्याच दिवशी केली. सगळ्याला मिळून एक दुपार लागली.

सहकार खात्याला माझी विनंती आहे की पतसंस्थांच्या संगणक तपासणीत पॅकेजचा पूर्ण आकडा, शेपटासकट, आणि डिस्ट्रोच्या सुरक्षा सूचनेचा क्रमांक लिहिणे सक्तीचे करावे. ज्या संस्थांना असा लाल शेरा मिळाला असेल, त्यांच्या व्यवस्थापकांनी काहीही नवे बसवून घेण्याआधी तो क्रमांक मागावा.

— एक संगणक देखभालकर्ता, मंगळवार पेठ, कोल्हापूर