नुसते पाणी तपासून नदी कळत नाही

महोदय,

अणुऊर्जा प्रकल्पांलगतच्या नद्यांविषयीचा आपला कालच्या अंकातील लेख वाचला. पाण्यातील किरणोत्सार मर्यादेत असल्याचे सांगून लेखकाने समाधान मानले आणि गाळ व जलचरांचा विषय दोन ओळींत उरकला, याचा खेद वाटतो. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, पाण्यातच मोजावे लागते, हे मान्य. पण सिझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटते आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे ३० वर्षांचे आहे, त्यामुळे पाण्याचा नमुना स्वच्छ निघाला तरी जुन्या विसर्गाचा माग गाळात शिल्लक असतो. अमेरिकेतील हॅनफर्डच्या प्लुटोनियम बनवणाऱ्या अणुभट्ट्यांतून कोलंबिया नदीत गेलेले किरणोत्सारी झिंक-६५ पुढे थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यावरील कालवांमध्ये (ऑयस्टर या शिंपल्यांमध्ये) सापडले होते.

गाळ तपासला, एवढे म्हणूनही भागत नाही. मी प्रयोगशाळेत नमुने तयार करण्याचे काम करत असताना एकदा प्रकल्पाच्या खालच्या अंगाचा गाळ म्हणून एक पिशवी आली. तो १०५ अंशांवर वाळवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर घातला, तर जवळजवळ सगळा चाळणीवरच राहिला आणि खाली जेमतेम चिमूटभर पडला. बारीक गाळ बंधाऱ्यामागे आणि वळणाच्या आतल्या बाजूला संथ पाण्यात बसतो. नमुना घेणाऱ्याने मात्र जिथे पोहोचणे सोपे होते तिथली, धारेतली वाळू उपसून आणली होती, आणि वाळू सिझियम फारसे धरून ठेवत नाही. नमुना पुन्हा घ्यावा, असा शेरा मी नोंदवहीत लिहिला. तो अहवालात आलाच नाही. ‘सिझियम आढळले नाही’ एवढेच वाक्य आले, आणि पुढे तेच वाक्य नदी सुरक्षित असल्याचा पुरावा म्हणून वापरले गेले. त्याचा संताप मला आजही आहे.

आपल्या लेखासोबतच्या तक्त्याविषयीही लिहिणे भाग आहे. त्यात मासे आणि गाळ या दोहोंचे आकडे बेक्वेरेल (किरणोत्साराचे एकक) प्रति किलो असे दिले आहेत, परंतु वजन ओले की सुके, हे कुठेही नाही. माशाच्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. तेव्हा एकाच माशाचा आकडा सुक्या वजनावर जवळपास चौपट होतो. शिवाय स्ट्रॉन्शियम-९० हे दुसरे किरणोत्सारी द्रव्य हाडांत आणि शिंपल्यांच्या कवचात साठते, गॅमा किरणांच्या मोजणीत दिसत नाही व त्यासाठी वेगळे रासायनिक पृथक्करण करावे लागते, त्यामुळे केवळ मांसाच्या गॅमा मोजणीवरून मासे निर्धोक ठरवणे योग्य नाही.

लेखकाने वजनाचा प्रकार, गाळातील बारीक कणांचे प्रमाण आणि उपकरणाची शोधमर्यादा (ते ओळखू शकणारे कमीत कमी प्रमाण) कळवावी व आपण ती छापावी, ही विनंती. प्रकल्पाच्या वरच्या अंगाचे नमुने घेतले होते की नाही, हेही त्यांना विचारावे, कारण अण्वस्त्र चाचण्यांचे आणि १९८६ च्या चेर्नोबिलचे सिझियम प्रकल्प नसलेल्या नद्यांच्या तळाशीही सापडते आणि त्या तुलनेवाचून खालच्या अंगाच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी