नियम शिकवले, नेतृत्वाचे काय?

महोदय,

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व्यवस्थापकांना निविदा, लेखे आणि नियमावली यांचे प्रशिक्षण मिळते. परंतु जलवाहिनी फुटून तीन दिवस नळ कोरडे राहिल्यावर दारात रिकामी भांडी घेऊन उभ्या असलेल्या नागरिकांना काय सांगावे आणि त्याच वेळी रात्रभर चिखलात राबलेल्या कर्मचाऱ्यांची बाजू कशी सांभाळावी, हे त्यांनी आपले आपण शिकावे, असे गृहीत धरले जाते. हे मला फार खटकते.

अमेरिकेत १९१३ च्या महापुराने हादरलेल्या डेटन शहराने कारभार नेमलेल्या व्यावसायिक व्यवस्थापकाकडे सोपवण्याची पद्धत स्वीकारली. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या व्यवस्थापकांच्या संघटनेने १९२४ मध्ये आचारसंहिता केली, आणि आज या संघटनेचे व्यावसायिक प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दरवर्षी किमान ४० तास शिक्षण घ्यावे लागते.

दोन दिवसांच्या व्याख्यानांनी, माझ्या मते, फारसे काही साधत नाही. प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांवर चर्चा व्हावी, अनुभवी अधिकाऱ्याचे वर्षभर मार्गदर्शन मिळावे आणि लोकप्रतिनिधींचा चुकीचा आग्रह आदराने पण स्पष्टपणे नाकारण्याचा सरावही करून घ्यावा. त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असावी, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक