प्लेट वेळेवर बदलायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

उंदराच्या सी२सी१२ पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या स्नायूपूर्व पेशी) सांभाळणाऱ्यांसाठी तुम्ही लिहून दिलेल्या टिपणाबद्दल हे जाहीर आभार. सीरम (पेशींच्या पोषक द्रवात घालतात तो रक्ताचा अंश) कमी करण्याच्या आधीच प्लेटचं, म्हणजे पेशी वाढवायच्या डिशचं, भवितव्य ठरलेलं असतं, हे तुम्ही त्यात कारणांसकट मांडलंत, आणि त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

मायोब्लास्ट, म्हणजे स्नायू बनण्याआधीची पेशी, विभागत असते तोवर शेजारच्या पेशींशी जुळून स्नायूची नळी बनवत नाही. वाढीच्या मीडियममधल्या (पोषक द्रवातल्या) १० टक्के एफबीएसमुळे (गाईच्या गर्भाच्या सीरममुळे) पेशीला विभागायला सांगणारा ईआरके हा संदेशमार्ग चालू राहतो, विभाजन पुढे नेणारं सायक्लिन डी१ हे प्रथिन चढं राहतं आणि स्नायू घडवणारं मायोडी पेशीत हजर असूनही दबून असतं. प्लेट ६०-७० टक्के भरली की पॅसेज करायचाच (पेशी विरळ करून नव्या प्लेटमध्ये घालायच्याच), हे तुम्ही बजावलंत ते यासाठीच. त्यापुढे दाटी झाली की पेशी आपणहून जुळू लागतात. जुळलेल्या पुन्हा विभागत नाहीत, म्हणजे पुढच्या पॅसेजला हाती उरतात त्या न जुळणाऱ्या. असं चार-पाचदा झालं की तो साठा कामातून गेला; मग मीडियम कितीही बदला.

डिफरन्सिएशनसाठी (पेशींचं स्नायूत रूपांतर होण्यासाठी) प्लेट ९० टक्के भरू द्यायची, पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) दोनदा धुवायची, मग २ टक्के घोड्याचं सीरम. धुण्यात कुचराई झाली तर आधीच्या सीरममधले टीजीएफ-बीटासारखे (रूपांतर रोखणारे) घटक मागे राहतात आणि पेशींना अडवून धरतात. सगळं नीट झालं तर साधारण दिवसाभरात रूपांतर सुरू झाल्याची खूण असलेलं मायोजेनिन हे प्रथिन दिसू लागतं, पी२१ हे प्रथिन विभाजन थांबवतं, मग मायोसिन हेवी चेन हे स्नायूचं प्रथिन येतं. चौथ्या-पाचव्या दिवशी लांबट, बहुकेंद्रकी नळ्या तयार! त्यांच्यावर मीडियम घालताना पिपेटचं टोक डिशच्या भिंतीला टेकवायचं. मधोमध धार सोडली तर अख्खा थर चटईसारखा गुंडाळून वर येतो.

आयजीएफ-१ हा वाढीचा घटक विभाजनही वाढवतो आणि डिफरन्सिएशनही, हे कोडं तुम्ही फार सोपं केलंत. विभाजनाची वाट मुख्यतः ईआरकेची, डिफरन्सिएशनची पीआय३के-एकेटी या दुसऱ्या संदेशमार्गाची. कोणती वरचढ ठरेल हे पेशींच्या त्या वेळच्या अवस्थेवर अवलंबून. आयजीएफ-१ कोणत्या तासाला घातलं हे वहीत नसेल तर तो ब्लॉट (पेशींतलं ठरावीक प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) आम्ही आता विचारातच घेत नाही.

ब्लॉटचंही तसंच. फॉस्फो-एकेटीसाठी (फॉस्फेट जोडलेल्या एकेटीसाठी) लायसेट (पेशी फोडून काढलेला द्रव) बर्फावरच करायचं, फॉस्फेट निघून जाऊ न देणारे फॉस्फेटेज इनहिबिटर ऐनवेळी घालायचे, आणि ब्लॉकिंगला (पडद्यावरच्या रिकाम्या जागा झाकायला) दूध नको, बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन प्रथिन) हवं. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन (फॉस्फेट जोडलेलं प्रथिन), त्यामुळे पट्टी उठून दिसण्याऐवजी मागचा पडदाच काळवंडू शकतो. शेजारी एकूण एकेटीही लावायचंच.

एका गोष्टीत मात्र तुमच्याहून वेगळं करतो. फ्यूजन इंडेक्ससाठी (एकूण केंद्रकांपैकी किती नळ्यांत आहेत ते मोजण्यासाठी) तुम्ही दोन केंद्रकांपासून नळी धरता, आम्ही तीनपासून. एकमेकींवर आलेल्या दोन पेशीही दुहेरी केंद्रकाची एकच पेशी वाटतात, आणि दाट प्लेटवर ही चूक हमखास होते. तुमचं यावर काय म्हणणं आहे, ते जरूर कळवा.

आपले,
पेशीसंवर्धन गटातले सगळे