सायकल चालवण्याची परवानगी आणि पाय टेकवण्याची

महोदय,

पावलाचे हाड मोडलेल्या माणसाने पुन्हा सायकलवर केव्हा बसावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा ‘हाड जुळले की’ एवढ्यावरच संपते. गेल्या श्रावणात माझ्या डाव्या पावलाचे हाड मोडले. त्यानंतरच्या चार महिन्यांत मला जे उमगले ते माझ्यासारख्या रोज सायकलने कामावर जाणाऱ्यांपर्यंत पोहोचावे, आणि रस्ते आखणाऱ्यांच्याही कानावर जावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी कोपरखैरणे येथे राहतो आणि वाशीच्या घाऊक बाजारातील कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर हिशेबनीस आहे. सायकल ही माझी हौस नव्हे. गाड्या खाली होण्याच्या वेळेला, म्हणजे भल्या पहाटे, गाळ्यावर हजर होण्याचे ते माझे २२ वर्षांचे साधन आहे. बाजारातील कितीतरी माथाडी बांधव असेच सायकलने येतात.

पाय मोडला तो सायकलवरून पडून नव्हे. घरच्या जिन्याच्या ओल्या पायरीवर पाऊल आत मुरगळले आणि करंगळीच्या मागे, पावलाच्या बाहेरच्या कडेने जाणारे पाचवे लांब हाड मोडले. या हाडाच्या टाचेकडील टोकाचा लहानसा तुकडा निघाला तर तो सहसा विनातक्रार जुळतो; पण त्या टोकाच्या किंचित पुढे, जिथे रक्तपुरवठा मुळातच कमी असतो, तिथे तडा गेला तर तो जुळायला वेळ घेतो आणि काही रुग्णांना स्क्रू बसवून घ्यावा लागतो. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शल्यविशारदाने १९०२ साली, नाचताना मोडलेल्या स्वतःच्याच पावलावरून या दुखापतीचे वर्णन केले, म्हणून वैद्यकात ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. माझा तडा याच जागी होता. सहा आठवडे प्लास्टर, हाती कुबड्या आणि डावे पाऊल जमिनीला लावायचे नाही, अशी सक्त ताकीद मिळाली.

सातव्या आठवड्यात एक्स-रेमध्ये हाड जुळू लागल्याचे दिसले. तेव्हा फिजिओथेरपिस्टनी मला कुबड्या सोडायला लावण्याआधी जागेवरच्या व्यायामाच्या सायकलवर बसवले. मी चकित झालो, पण त्यांनी सांगितलेले कारण पटण्याजोगे होते. चालताना प्रत्येक पावलागणिक शरीराचे सगळे वजन, किंबहुना त्याहून थोडे अधिकच, एका पायावर येते. सायकलवर बसल्यावर त्यातील बराचसा भार सीटवर आणि काही हँडलवर जातो, आणि पाय हलके फिरवले तर पावलाच्या वाट्याला थोडाच भार उरतो. त्या थोड्या भारावर आखडलेला घोटा मोकळा होतो आणि सहा आठवड्यांत वाळून गेलेली पोटरी पुन्हा काम करू लागते. मात्र पायडलवर चवडा ठेवायचा नाही, टाचेकडचा भाग ठेवायचा, हे त्यांनी मला पाऊल हातात धरून दाखवले. आपण सवयीने चवड्यानेच पायडल मारतो. तेव्हा टाच अधांतरी राहते आणि सगळा दाब पावलाच्या लांब हाडांतून जातो. पायात कडक तळव्याचा बूट हवा, हेही त्यांनी बजावले. आमच्या बाजारात सायकलवाल्यांच्या पायात बहुधा रबरी चप्पल असते, ती पायडलवर दुमडते आणि तिच्याबरोबर पाऊलही वाकते. दुखऱ्या पावलाला नेमके तेच सोसत नाही.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी रस्त्यावर सायकल काढण्यास संमती दिली. पहिल्याच सकाळी माझ्या लक्षात आले की पायडल मारताना त्रास होत नाही. त्रास होतो तो थांबताना.

आपल्याकडे वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. सायकलस्वार डाव्या कडेला असतो आणि सिग्नल लागला की डावा पाय पदपथाच्या काठावर टेकवून उभा राहतो. वर्षानुवर्षे हे इतके अंगवळणी पडलेले असते की पाय आपोआप निघतो. माझा तोच पाय जायबंदी होता. पहिल्या सिग्नलला तो सवयीने खाली गेला, खडीवर टेकला आणि कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. दुसऱ्या सिग्नलला मी जाणीवपूर्वक उजवा पाय टेकवला, पण त्यासाठी सायकल उजवीकडे कलवावी लागते, म्हणजे आपण शेजारून जाणाऱ्या बस आणि ट्रकच्या दिशेने झुकतो. सायकलवर चढण्या-उतरण्याचीही तीच गत आहे. साखळी उजव्या अंगाला असल्यामुळे आपण सगळे डावीकडून चढतो, डावा पाय पायडलवर देऊन उजवी टांग टाकतो, आणि उतरताना शरीराचा सगळा भार घेऊन जमिनीवर येतो तो डावाच पाय. उजवा पाय मोडला असता तर माझे निम्मे कष्ट वाचले असते.

यावर मी काढलेला मार्ग असा. मधला दांडा नसलेली बहिणीची सायकल मागून घेतली, म्हणजे टांग टाकण्याचा प्रश्न मिटला. सीट इतकी खाली केली की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला पुरावेत. सीट खाली गेल्याने गुडघे जास्त वाकतात आणि लांब पल्ल्याला ते दुखू लागतात, हे खरे. परंतु चार-पाच आठवड्यांपुरता गुडघ्यांना होणारा त्रास पावलाला पुन्हा तडा जाण्यापेक्षा परवडला. वाशी-कोपरखैरणे परिसर खाडीकाठचा, सपाट आहे. चढावर सीटवरून उठून पायडलवर उभे राहावे लागते आणि मग सगळे वजन पावलावर येते, ती वेळ माझ्यावर आली नाही. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या ठाणेकराला मात्र मी हा सल्ला देणार नाही. ज्यांना मधुमेहामुळे तळपायाच्या संवेदना कमी झाल्या आहेत, त्यांनीही ‘दुखत नाही, म्हणजे चालते’ असे मानू नये, कारण त्यांच्या बाबतीत वेदना वेळेवर इशारा देईलच असे नाही.

गतिरोधकांविषयी लिहिणे भाग आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा असे म्हटले आहे, म्हणजे चाक त्यावर हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. अंतर्गत रस्त्यांवर ठिकठिकाणी दिसतात ते हातभर रुंदीचे उंचवटे किंवा खिळ्यांनी ठोकलेल्या रबरी पट्ट्या. मोटारीला स्प्रिंग असतात. साध्या सायकलला नसतात. तो धक्का पायडलमधून थेट पावलात शिरतो. माझ्या रस्त्यावर असे सात उंचवटे आहेत, आणि प्रत्येक वेळी डावे पायडल वर व मोकळे ठेवून, भार उजव्या पायावर घेऊन मी ते ओलांडत असे.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. ज्या सिग्नलवर पहाटे आणि संध्याकाळी सायकली जास्त असतात, तिथे डाव्या कडेला हात धरण्यापुरता एक दांडा आणि पाय ठेवण्यापुरती एक पट्टी बसवावी. कोपनहेगन शहरात असे कठडे सिग्नलपाशी बसवलेले आहेत. हात धरायला काही मिळाले तर पाय खाली टेकवण्याची गरजच उरत नाही. याचा उपयोग पाय मोडलेल्यांइतकाच गुडघेदुखीने बेजार असलेल्या ज्येष्ठांना होईल. अरुंद उंचवटे काढून प्रमाणित मापाचे गतिरोधक घालण्याचे कामही रस्त्यांच्या डांबरीकरणाच्या वेळीच उरकता येईल.

डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे की रुग्ण कामावर कसा जातो हे त्याला पहिल्याच भेटीत विचारावे. मला ते कोणी विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. सायकल चालवण्याची परवानगी आणि रस्त्यात पाय टेकवण्याची परवानगी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, दोहोंमध्ये काही आठवड्यांचे अंतर असू शकते, आणि चिठ्ठीवर त्या दोन वेगळ्या ओळींत लिहून मिळाल्या तर हातावर पोट असलेला माणूस घाईघाईने पाय पुन्हा मोडून घेणार नाही.

माझ्या मार्गावरच्या एका सिग्नलला डाव्या हाताशी विजेचा एक खांब आहे. त्याला धरून मी दोन्ही पाय पायडलवर ठेवूनच हिरव्या दिव्याची वाट पाहतो. खांबाला लागून कोणी दुचाकी उभी केलेली असली की मी अलीकडेच उतरतो आणि सायकल हातात धरून चौक पायी ओलांडतो.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई